प्रश्न तुमचे: एरेटरचा रिले आणि रेडिओवरची किल्ली

प्रश्न : जयगड खाडीकाठी आमचे कोळंबीचे तलाव आहेत. बांधावर ३.३ व्होल्टची प्रो मिनी (छोटा आर्डुइनो बोर्ड) आणि लोरा (लांब पल्ल्याच्या रेडिओचं) मॉड्यूल लावून डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) मोजतो, शेडमधून रेडिओवरच एरेटर (पाण्यात हवा घालणारे पंखे) चालू-बंद करतो. संदेश एईएस-१२८ पद्धतीने एन्क्रिप्ट (किल्लीने गुप्त) केलेले आहेत. तरी मुलाने दुसऱ्या मॉड्यूलवर आमचाच ‘बंद’चा संदेश पकडून परत सोडला, तर एरेटर बंद पडला. किल्ली त्याला माहीत नव्हती. मग एन्क्रिप्शन कशाला?

उत्तर : किल्ली शाबूत आहे, पद्धत चुकली. वर्णनावरून तुम्ही एईएस वापरण्याची ईसीबी ही सर्वांत साधी रीत वापरताय. त्यात मजकूर तोच आणि किल्ली तीच, की बाहेर पडणारे १६ बाइटही दर वेळी तेच. ते उलगडायची गरजच नाही, नुसते परत वाजवले की झालं. डीओचा आकडा कुणी वाचला तर फारसं बिघडत नाही. पहाटे डीओ तळाला असताना एरेटर बंद झाला तर अख्खं पीक जातं. म्हणून इथे गुप्ततेपेक्षा पडताळणी महत्त्वाची.

सीसीएम किंवा ईएएक्स पद्धत घ्या, त्या गुप्ततेबरोबर पडताळणीही करतात. पॅकेट असं बांधा: तलावाचा क्रमांक १ बाइट, काउंटर (दर संदेशाला वाढणारा आकडा) ४, मजकूर ४, टॅग (पडताळणीची खूण) ८. क्रमांक आणि काउंटर उघडे जातात, पण टॅगच्या हिशेबात धरायचे. नॉन्स (प्रत्येक संदेशाला एकदाच वापरायचा आकडा) वेगळा पाठवू नका. क्रमांक, दिशा आणि काउंटर यांतूनच तो दोन्ही टोकांना बनवा. दिशेचा बाइट विसरलात तर जाणाऱ्या आणि येणाऱ्या संदेशाचा नॉन्स एकच होईल, आणि मग दोन पॅकेटं एकमेकांशी एक्सऑर केली (बिटागणिक ताडून पाहिली) की मजकूर उघडा पडतो. रिलेच्या (एरेटर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) पेटीने आधी टॅग तपासायचा, मग काउंटर मागच्यापेक्षा मोठा आहे का ते पाहायचं, आणि त्यानंतरच रिलेला हात लावायचा.

बॅटरीची चिंता नको. एसएफ १०, १२५ किलोहर्ट्‌झ, कोडिंग रेट ४/५ या लोराच्या सेटिंगवर १५ ते १९ बाइटच्या कुठल्याही पॅकेटला हवेत सुमारे ३३० मिलिसेकंदच लागतात. म्हणजे हे १७ बाइट तुमच्या जुन्या १६च्याच भावात जातात. ८ मेगाहर्ट्‌झवर एईएसचा एक ब्लॉक साधारण मिलिसेकंदाचा. बॅटरी खातो तो रेडिओ.

आणखी एक. कुणी रेडिओच जाम केला तर कुठलीही किल्ली कामाची नाही. कॉन्टॅक्टरची (एरेटरच्या मोठ्या स्विचची) कॉइल रिलेच्या एनसी (रिलेला वीज नसताना जोडलेल्या) टोकावरून घ्या, आणि पंधरा मिनिटं खरा संदेश आला नाही तर रिलेची वीज तोडून एरेटर चालू, असा प्रोग्राम ठेवा. बोर्ड मेला तरी पंखे फिरत राहतील.

प्रश्न : पावसात वीज सारखी जाते. बोर्ड रीसेट झाला की काउंटर शून्यावर येतो आणि शेडकडचा रिसीव्हर पॅकेटं नाकारतो. ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहीत जावं का?

उत्तर : लिहा, पण दर पॅकेटला नको. प्रो मिनीवरच्या एटीमेगा३२८पी चिपच्या ईईप्रॉमची हमी एक लाख वेळा लिहिण्याची. दर पाच मिनिटांना एक म्हणजे दिवसाला २८८, वर्षाला १,०५,१२०. वर्षाच्या आतच हमी संपली! त्याऐवजी २५६ पुढचा आकडा आधी लिहून ठेवा आणि तिथवर रॅममध्ये मोजा. तिथे पोचण्याआधी पुढचा लिहा. रीसेट झाला की लिहिलेल्या आकड्यापासून सुरुवात. मधले आकडे वाया जातात, जाऊ देत. रिसीव्हरने काउंटरमधली उडी मान्य करायची, मागे जाणं कधीच नाही. रिसीव्हर ‘अडकला’ म्हणून त्याचा काउंटर शून्य करण्याचं बटण ठेवणं म्हणजे जुनी पॅकेटं पुन्हा चालू करणं.

रिलेच्या पेटीलाही शेवटचा काउंटर लक्षात ठेवावा लागतो, नाहीतर वीज आल्यावर कालचा ‘बंद’ आज चालेल. रिले हलवणाऱ्या आज्ञा दिवसाला दहा-वीसच, त्यामुळे तिथे अशा प्रत्येक आज्ञेला लिहिलं तरी बिघडत नाही. मात्र आधी लिहायचं, मग रिले हलवायचा.

प्रश्न : एईएस सोडून छोट्या यंत्रांसाठीचं हलकं एन्क्रिप्शन अ‍ॅस्कॉन घ्यावं का?

उत्तर : चांगलंच आहे. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०२३मध्ये ते निवडलं, २०२५मध्ये मानक म्हणून छापलं. पण नॉन्स परत वापरला तर तेही वाचवणार नाही, आणि ३३० मिलिसेकंदांच्या रेडिओपुढे त्याने वाचवलेला वेळ जाणवणारही नाही. नवीन बोर्ड करताना घ्या. चालू बोर्ड त्यासाठी उघडू नका. उघडलाच, तर प्रत्येक तलावाला वेगळी किल्ली केबलने भरून घ्या, म्हणजे बांधावरून एक पेटी चोरीला गेली तरी बाकीच्या तलावांच्या किल्ल्या सुरक्षित राहतील.