चेक परत आला, पण मेख आहे ती पंचवीस हजारांत

प्रश्न : मी कागल तालुक्यातला शेतकरी. दोन एकरांत बिडीची तंबाखू होती. निपाणीच्या एका व्यापाऱ्याने दलालामार्फत रानात येऊन माल बघितला, किलोला १६५ रुपयांनी सौदा ठरला, २०,००० रुपये इसार रोख दिला. ३ एप्रिलला त्याच्याच टेम्पोतून ३६ बोद (तंबाखूचे गठ्ठे) वखारीत गेले. तिथल्या काट्यावर १,४२० किलो भरलं. पट्टीत, म्हणजे हिशोबाच्या चिठ्ठीत, मात्र बोदामागे २ किलो कडता (वजनातली घट), ५ टक्के जीएसटी, २ टक्के दलाली कापली आणि इसार वजा करून १,८६,८५१ रुपये काढले. वरची कसर सोडून १,८६,००० रुपयांचा, २० मे तारखेचा चेक दिला. नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून निरोप पाठवला, ‘चेक एवढ्यात टाकू नका, माझे पैसे अडकलेत’. १२ जूनला मुलाच्या फोनवर २५,००० रुपये पाठवले. शेवटी ३० जूनला चेक टाकला, तो खात्यात रक्कम नाही म्हणून ३ जुलैला परत आला. आता व्यापारी म्हणतो, माल ओला होता, बोद तापले, १४० रुपयेच धरीन. पोलीस म्हणतात, ही दिवाणी बाब आहे. मला कर्नाटकातल्या कोर्टात खेपा घालाव्या लागतील का? काय करू? (पत्र १४ जुलैचं.)

उत्तर : आधी तारखा बघू. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो तुमच्या हातात पडला ३ जुलैला. तिथून ३० दिवसांच्या आत व्यापाऱ्याला लेखी नोटीस रवाना झाली पाहिजे. ३ जुलै धरायचा नाही, ४ जुलैपासून मोजायचं, म्हणजे शेवटचा दिवस २ ऑगस्ट. नोटीस मिळाल्यापासून व्यापाऱ्याला पैसे द्यायला १५ दिवस असतात. ते संपले की एक महिन्याच्या आत फौजदारी न्यायालयात तक्रार दाखल करायची. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून न्यायालयाकडून माफ करून घेता येतो, नोटिशीच्या उशिराला मात्र माफी नाही.

पोलिसांत दिलेला अर्ज, बाजार समितीकडे केलेली तक्रार, गावातली बैठक, यातल्या कशानेही ही मुदत थांबत नाही. निम्म्या केसेस इथेच मरतात. शेतकरी महिनाभर ठाण्यात आणि वखारीत चकरा मारतो आणि वकिलाकडे येतो एकतिसाव्या दिवशी. तंबाखू बोर्डाकडे जा, असं कुणी सांगितलं तर तेही सोडून द्या. १९७५ च्या कायद्याने झालेल्या त्या बोर्डाचं काम मुख्यतः व्हर्जिनिया तंबाखूचं आहे. बिडीच्या तंबाखूच्या सौद्यात ते तुमचे पैसे वसूल करून देणार नाही.

कोर्टाची काळजी करू नका. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे चेकच्या कायद्यात, २०१५ साली दुरुस्ती झाली. ज्या खात्यात तुम्ही चेक भरला ते खातं ज्या शाखेत आहे, त्या शाखेच्या हद्दीतल्या न्यायालयात कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्याची, तक्रार चालते. खातं कागल तालुक्यात असेल तर व्यापाऱ्यालाच हद्द ओलांडून तुमच्याकडे यावं लागेल.

आता ते पंचवीस हजार. तुमच्या पत्रात ही ओळ जाता जाता आली आहे, पण सगळी केस तिच्यावर उभी आहे.

चेक दिल्यानंतर आणि तो बँकेत टाकण्याआधी काही रक्कम मिळाली असेल, तर तिची नोंद चेकवर करून उरलेल्या रकमेसाठीच तो वापरायचा, असं याच कायद्याचं कलम ५६ सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ते आणखी स्पष्ट केलं : चेक वटवायला टाकला त्या दिवशी खरं देणं चेकवरच्या रकमेपेक्षा कमी असेल आणि मिळालेल्या रकमेची नोंद चेकवर नसेल, तर कलम १३८ चा गुन्हा होत नाही. व्यापाऱ्याचा वकील पहिल्याच तारखेला फोनपेचा उतारा दाखवील. पैसे मुलाच्या खात्यात आले, आपल्या नाही, असं म्हणायच्या फंदात पडू नका. एकदा खोटे पडलात की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

मग ३० जूनला तुमचं खरं येणं किती होतं? १,४२० किलो गुणिले १६५ म्हणजे २,३४,३००. इसाराचे २०,००० गेले, २,१४,३०० राहिले. त्यातून पंचवीस हजार गेले, उरले १,८९,३००. चेक १,८६,००० चा. म्हणजे देणं चेकपेक्षा ३,३०० रुपयांनी जास्तच आहे आणि केस उभी राहते. पण हे सगळं पट्टीतल्या तिन्ही कपाती चुकीच्या ठरल्या तरच. म्हणून त्या एकेक करून पाहू.

जीएसटीची कपात तर सरळ चुकीची आहे. शेतकऱ्याने नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला तंबाखूचा पाला विकला की त्यावरचा कर रिव्हर्स चार्जने घेणाऱ्यानेच भरायचा असतो. शेतमाल विकणाऱ्या शेतकऱ्याला जीएसटीची नोंदणीही लागत नाही. तुमच्या पट्टीतून ११,१२१ रुपये कापून व्यापाऱ्याने स्वतःचा कर तुमच्याकडून वसूल केला. भाव ठरताना ‘१६५, कर वजा जाता’ असं बोलणं झालं नसेल तर ही रक्कम तुमचीच.

दलालीचे ४,४४८ रुपये. प्रश्न एवढाच, की दलाल कुणी आणला? व्यापाऱ्याने आणला असेल आणि तुम्ही दलाली कबूल केली नसेल तर कपात चालणार नाही. तुम्हीच त्याला बोलावलं असेल तर द्यावी लागेल.

कडता सगळ्यात नाजूक आहे. ७२ किलोचे ११,८८० रुपये होतात. व्यापारी म्हणेल, ही निपाणीची वहिवाट आहे. मालविक्रीच्या १९३० च्या कायद्यात वहिवाटीला आणि आधीच्या व्यवहारांच्या रिवाजाला जागा आहे. याच वखारीला तुम्ही गेली तीन-चार वर्षं माल घालत असाल आणि दर वर्षी कडता कापून पैसे घेत आला असाल, तर ते तुमच्या विरुद्ध जाईल. शिवाय १,४२० किलोत बारदानाचं वजन धरलेलं आहे का? न्यायालयाने बोदामागे किलोभर बारदान धरलं तरी ३६ किलोचे ५,९४० रुपये झाले, आणि तुमची ३,३०० ची फट तिथेच बुजली. (निपाणीच्या महामार्गावर १९८१ साली शेतकरी बसले ते तंबाखूच्या भावासाठी. पट्टीत किलो-दोन किलोने जे झिजतं त्यासाठी कुणी रस्ता अडवत नाही, पण झीज तीच.)

पट्टीवर तुमची सही आहे का, तेही आजच बघा. सही असेल तर ‘हिशोब मान्य होता’ असं व्यापारी म्हणणार. मग ३० जूनला देणं उरतं १,६१,८५१, आणि १,८६,००० चा चेक त्याहून मोठा.

म्हणून माझा सल्ला असा की ३,३०० रुपयांच्या जोरावर फौजदारी तक्रार करू नका. चेक २० मेचा आहे. तो तारखेपासून तीन महिने चालतो, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापर्यंत, आणि या मुदतीत तो पुन्हा बँकेत टाकता येतो. एकदा परत आला म्हणून चेक मेला असं होत नाही.

चेकच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा आणि मेमो जपून ठेवा. मग चेकच्या मागे लिहा : ‘दि. १२ जून रोजी रु. २५,०००/- मिळाले. बाकी रु. १,६१,०००/-’, खाली सही आणि तारीख. पुढच्या बाजूला काहीही खोडायचं नाही, रक्कम बदलायची नाही. तसं केलंत तर चेकच बाद होईल. भरणा स्लिपवर १,६१,००० लिहा. हे काउंटरवर न करता शाखाधिकाऱ्याला भेटून करा, कारण क्लिअरिंगमध्ये चेकची प्रतिमा जाते, तिथे पुढे लिहिलेली रक्कम आणि मागणी जुळत नाही म्हणून शाखा खळखळ करू शकते. नकार मिळाला तर तो लेखी मागा. दरम्यान व्यापाऱ्याला मेसेज करून विचारा, १,६१,००० चा नवा चेक देतोस का. दिला तर उत्तम, नवा हातात आल्यावरच जुना परत करा.

हे सगळं २५ जुलैच्या आत उरकायला हवं. बँकेने नोंदीसह चेक घेतला आणि तो पुन्हा परत आला, तर नव्या मेमोपासून नवे ३० दिवस मिळतात. बँकेनेही घेतला नाही आणि व्यापाऱ्यानेही नवा दिला नाही, तर २ ऑगस्टच्या आत पहिल्या मेमोवर १,८६,००० ची नोटीस पाठवा आणि तीत वरचा हिशोब मांडून दाखवा. तो मार्ग कमकुवत आहे, पण मुदत घालवण्यापेक्षा बरा.

नोटिशीत मागायची रक्कम चेकशी पै-पैला जुळली पाहिजे. नोंद केलेल्या चेकवर १,६१,०००, बिननोंदीच्या चेकवर १,८६,०००. कडता, जीएसटी, व्याज, वकिलाची फी हे सगळं त्याच नोटिशीत एकत्र मिसळून एकच आकडा मागितला की नोटीस बाद ठरते. त्या मागण्यांसाठी वेगळी नोटीस काढा. चेकवर छापलेलं नाव नीट वाचा. पेढी भागीदारीची असेल तर पेढीला आणि सही करणाऱ्या भागीदाराला, दोघांनाही नोटीस जाऊ द्या. पत्ता वखारीचा आणि घराचा, दोन्ही. स्पीड पोस्टने पाठवा, पावती आणि पोहोचल्याचा ऑनलाइन उतारा काढून ठेवा. बरोबर पत्त्यावर गेलेली नोटीस घ्यायला नकार दिला तरी ती पोहोचली असंच धरलं जातं.

ओल्या मालाच्या तक्रारीत मला फारसा दम वाटत नाही. ओलसर पाला दाबून भरला की बोद आतून तापतो, काळा पडतो, वास मारतो हे खरं. पण ते वखारीत आठवड्या-पंधरवड्यात कळतं, जुलैत नाही. व्यापाऱ्याने रानात माल हाताळून बघितला, स्वतःच्या काट्यावर घेतला, पट्टी केली, चेक दिला, २५,००० ही पाठवले. वाजवी काळात माल नाकारला नाही की तो स्वीकारला असं कायदा धरतो. शिवाय कडता कापला तो कशासाठी? ओल, माती आणि बारदान यांसाठीच ना? मग त्याच ओलीपोटी किलोला आणखी २५ रुपये, म्हणजे ३५,५०० रुपये, पुन्हा कसे कापणार? उलटतपासणीत हा प्रश्न विचारायला वकिलाला नक्की सांगा.

त्यासाठी तो आवाजी निरोप जपा. त्यात ‘पैसे अडकलेत’ आहे, माल खराब असल्याचा शब्द नाही. फोन बदलू नका, व्हॉट्सअ‍ॅप काढून पुन्हा टाकू नका. न्यायालयात असा निरोप दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. टेम्पो चालकाचं आणि बोद भरणाऱ्या हमालांचं नाव आत्ताच लिहून ठेवा, वर्षभराने आठवणार नाही.

तक्रार दाखल झाली की चेक कायदेशीर देण्यापोटीच दिला असं न्यायालय गृहीत धरतं, उलट सिद्ध करायचं व्यापाऱ्याने. त्याने गुन्हा नाकारला की चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई मागता येते. तो अर्ज वकिलाकडून आठवणीने करून घ्या. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तिन्ही कपाती आणि वरची ८५१ ची कसर मिळून २८,३०० रुपये चेकमध्ये नाहीतच, ते १३८ मधून मिळणार नाहीत. त्यांच्यासाठी दिवाणी दावा. तोंडी सौदाही कायद्याने सौदाच असतो, आणि माल रानातून उचलल्यामुळे दाव्याचं कारण काही अंशी तुमच्या तालुक्यात घडलं, तेव्हा दावाही तिथे लावता येतो. मुदत तीन वर्षं, उधारीची तारीख ठरलेली नसेल तर माल दिल्यापासून, म्हणजे ३ एप्रिलपासून. एवढ्याच रकमेसाठी दावा परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत ठेवून बघा. तिथल्या तडजोडीला हुकूमनाम्याची ताकद असते आणि त्यावर अपील नाही.

तडजोड झालीच तर पैसे खात्यावर घ्या. एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्यालाच तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. इसाराचे वीस हजार तुम्ही आधीच रोख घेतले आहेत. उरलेले १,८९,३०० ही रोख घेतलेत तर बेरीज २,०९,३०० होते. मूळ चेक आणि मेमो, रक्कम खात्यात जमा झालेली दिसेपर्यंत, तुमच्याकडेच राहू द्या.