शाश्वत, शाश्वती आणि पांझरेचा फड

धुळ्याच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न: पांझरा नदीकाठच्या फड पद्धतीवर (बंधाऱ्याचं पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घेण्याच्या जुन्या पद्धतीवर), हवामान न्यायाच्या, म्हणजे बदलत्या हवामानाची झळ कोणाला किती या अंगाने प्रकल्प करते आहे; नावात ‘शाश्वत’ लिहू की ‘टिकाऊ’?

‘टिकाऊ’ सतरंजीला शोभतं. आणि ‘फड पद्धतीचा शाश्वत अभ्यास’ असली नावं आता पुरे. शाश्वत असतं ते सिंचन, अभ्यास नव्हे.

‘शाश्वत म्हणजे कधीच न बदलणारं, म्हणून शेतीला हा शब्द चुकीचा’ असं सांगणारे शुद्धिवादी अमरकोश या जुन्या संस्कृत कोशातलं ‘शाश्वतस्तु ध्रुवो’ (शाश्वत म्हणजे ध्रुव, अढळ) वाचून थांबतात. पुढे त्याच कोशातला अव्ययवर्गही वाचावा! ‘शाश्वत’ ज्याच्यावरून आला तो ‘शश्वत्’ तिथे आहे: ‘मुहुः पुनःपुनः शश्वदभीक्ष्णमसकृत्समाः’. शश्वत् म्हणजे पुन्हापुन्हा. अचल दगड नव्हे, परतून येणारा फेरा. फडात दुसरं काय होतं? बंधाऱ्याखालचं ओलिताचं क्षेत्र सहसा चार फडांत वाटलेलं, एका फडात सगळ्यांचं एकच पीक आणि पुढच्या हंगामात फेरपालट. माझ्या मते या शब्दाचा मूळ अर्थ कोशापेक्षा पांझरेकाठी जास्त जिवंत आहे.

मराठीने त्यातून आणखी एक शब्द घडवला, ‘शाश्वती’. ‘पावसाची शाश्वती नाही’ म्हणतो तेव्हा आपण अनंतकाळाबद्दल बोलत नसतो, भरवशाबद्दल बोलतो. अहिराणीत ‘पानीना भरोसा नही’. न्यायाचा प्रश्न इथेच आहे: भरवसा कोणाला आणि किती? पाणी कमी असलं की एखादा फड कोरडा ठेवतात. प्रत्येकाची जमीन सगळ्या फडांत असेल तर तूट सगळ्यांच्या वाट्याला येते. म्हणून कोणाची जमीन कोणत्या फडात किती, हे आधी सातबाऱ्यावरचे गट फडांच्या हद्दींशी जुळवून काढा.

प्रश्नावलीत ‘तुमची शेती शाश्वत आहे का?’ विचारू नका. सगळे ‘हो’ म्हणतात आणि हाती काही लागत नाही. पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याकडून पाण्याच्या प्रत्येक पाळीची तारीख घ्या, दोन पाळ्यांमधले दिवस मोजा. चारीच्या (शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या पाटाच्या) तोंडाची आणि टेलची, म्हणजे शेवटच्या टोकाची शेतं वेगळ्या तक्त्यात मांडा. एकत्र सरासरी काढली की टेलवाल्याची कोरडी पाळी त्यात बुडून जाते.

‘हवामान न्याय’ तसंच राहू द्या, हिंदीतलं ‘जलवायू’ नको. नाव: ‘पांझरेच्या फडांत पाण्याची शाश्वती कोणाला?’