पहिली जुनी लेन्स घेताय? आधी एवढं बघा

मिररलेस (आत आरसा नसलेला डिजिटल कॅमेरा) आहे ना तुमच्याकडे, मग अर्धं काम झालंच. सेन्सर आणि माउंट (लेन्स बसते ती कडी) यांच्यामधलं अंतर कमी असतं त्यामुळे साध्या पोकळ अ‍ॅडॅप्टरवर बहुतेक जुन्या एसएलआर (आरशाच्या फिल्म कॅमेऱ्याच्या) लेन्स बसतात. (निकॉनच्या डीएसएलआरवर, म्हणजे आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर, एम४२ म्हणजे स्क्रूसारखी फिरवून बसणारी जुनी लेन्स लावली तर लांबचं फोकसच होत नाही, बरेच जण तिथे फसतात.)

सुरुवातीला एकच घ्या, हेलिओस ४४-२ म्हणजे ५८ एमएम एफ २ किंवा सुपर ताकुमार ५५ एमएम एफ १.८. पाच-सहा स्वस्तातल्या गोळा करू नका, एकही नीट हाताला बसत नाही.

घेताना अपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं, लहान-मोठं होणारं छिद्र) पूर्ण उघडा, मागून मोबाईलचा टॉर्च मारा आणि आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले की ती बुरशी, फुकट मिळाली तरी सोडा. धुळीचे चार कण फोटोत दिसतही नाहीत, त्यावर भाव मात्र पाडून घ्या. फोकस रिंग आणि अपर्चर फिरवून बघा, अडकत असेल तर नको.

मग कॅमेऱ्यात:
- लेन्स नसतानाही शटर चालेल ही सेटिंग ऑन करा, नाहीतर क्लिकच होणार नाही
- बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताचा हादरा सावरणारी सोय) असेल तर फोकल लेंथ, म्हणजे लेन्सचा एमएमचा आकडा, हाताने टाका
- फोकस स्क्रीनवर चित्र झूम करून करा, नुसत्या पीकिंगवर (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) विसंबू नका

अपर्चर पूर्ण उघडं असताना फोटो जरा धुरकट येतो, घाबरू नका, ते एफ ४ ला आणा, लगेच फरक दिसेल. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या केसमध्ये अजिबात ठेवू नका, घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल, बास. पहिले फोटो नक्की टाका, बघायचेत मला!