लिपी नसलेल्या भाषेत बायबल

प्रश्न : आफ्रिकेतल्या लहान भाषांत बायबलचे भाषांतर थेट आवाजात करतात म्हणे. लिहिलेलेच नाही, तर तपासतात कसे? – एक वाचक, मिरज

उत्तर : भाषक चार-सहा वचनांचा उतारा मोठ्या भाषेत, समजा स्वाहिलीत, पुन्हा पुन्हा ऐकतात, त्यावर चर्चा करतात आणि पाठ न करता आपल्या बोलीत सांगतात. तेच ध्वनिमुद्रित होते.

तपासणीची खरी मदार उलट भाषांतरावर. हे काम मूळ उतारा न ऐकलेल्या माणसालाच द्यावे. तो ध्वनिमुद्रण ऐकून तोंडी स्वाहिलीत सांगतो. मूळ ठाऊक असलेला माणूस नकळत चूक सावरून घेतो आणि दोष तसाच राहतो! मग भाषांतर-सल्लागार हे उलट भाषांतर मुळाशी ताडतो.

अनेक आफ्रिकी भाषांत सुरावर अर्थ फिरतो. योरुबात 'ओको' म्हणजे सुरानुसार नवरा, कुदळ किंवा वाहन. त्यामुळे नाट्यमय ढंगात सांगण्याचा मोह आवरावा.

'करार' (देवाने माणसांशी केलेला) यासारख्या शब्दाला दर अध्यायात वेगळा प्रतिशब्द येणे हा नेहमीचा घोटाळा. अशा शब्दांची ध्वनिसूची सुरुवातीपासूनच ठेवावी. ध्वनिमुद्रण वेव्ह (आवाज न दाबणाऱ्या) फायलीत, ४८ किलोहर्ट्झ नमुनादरावर. एमपी३ फक्त वाटपासाठी. माईक तोंडापासून वीतभर, किंचित तिरका. भिंतींना गोधड्या टांगल्या तरी घुमणे बरेच कमी होते. पत्र्याखाली पावसात ध्वनिमुद्रण करूच नये.