घरचं बुकक्लॉथ: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

वही शिवण्यात फारसं कुणी अडत नाही. दोरा, सुई, पुठ्ठा जमतं. गाडी अडते ती कव्हरच्या कापडाशी. या वेळी आलेली बहुतेक पत्रं त्याबद्दलचीच आहेत, म्हणून हा अख्खा भाग कापडाला देते.

प्रश्न: छापील सुती कापड फेव्हिकॉलने सरळ पुठ्ठ्यावर चिकटवलं. वाळल्यावर कापडावर कडक, चकचकीत डाग दिसायला लागले. पुढच्या वेळी डिंक पातळ करून पाहू का? (नाशिक)

पातळ करू नका, तो आणखी लवकर वर येईल. कापड म्हणजे ताण्याबाण्याच्या मध्ये असंख्य भोकं. तुम्ही वरून हात फिरवून कापड दाबता तेव्हा ओला डिंक त्या भोकांतून वर ढकलला जातो आणि तिथेच वाळतो. एकदा वाळला की तो डाग काही केल्या जात नाही.

कापडावर पुस्तक बांधायला सुरुवात झाली तेव्हाही हीच अडचण होती. इंग्लंडमध्ये १८२० च्या दशकात प्रकाशक विल्यम पिकरिंग आणि बांधणीकार आर्चिबाल्ड लेटन यांनी बांधणीला सुती कापड वापरायला घेतलं. त्यानंतर लवकरच बांधणीसाठी म्हणून स्टार्च भरलेलं कापड तयार होऊ लागलं. त्या स्टार्चने भोकं बुजत, डिंक वर येत नसे. आपण घरी तेच काम कागदाकडून करून घेतो. कापडाच्या पाठीला पातळ कागद चिकटवायचा की झालं बुकक्लॉथ. डिंक कागदाला लागतो, कापड कोरडं राहतं. शिवाय कापड कापताना सुटत नाही, पुठ्ठ्यावर वेडंवाकडं ताणलं जात नाही. कापड कुठलंही घ्या, पण पाठीला कागद लावल्याशिवाय पुठ्ठ्याजवळ नेऊ नका.

प्रश्न: इस्त्रीने चिकटणारं फ्यूजिंग आणि टिश्यू पेपर वापरून बुकक्लॉथ केलं. छान दिसत होतं, पण पुठ्ठ्यावर लावल्यावर फुगे आले. शिंपी कॉलरला लावतात ते पेस्टिंग वापरलं तर चालेल का? (ठाणे)

फुगे बहुतेक वेळा तीन कारणांनी येतात. नवं कापड न धुता वापरलं तर त्यातली खळ फ्यूजिंगला नीट धरू देत नाही. इस्त्री कपड्यांवर फिरवतो तशी फिरवली तर कापड सरकतं आणि मध्ये हवा राहते. आणि वाफ चालू ठेवली तर टिश्यू ओला होऊन सुरकुततो.

कापड धुवून, वाळवून, कडक इस्त्री करून घ्या. मग वाफ बंद. दोन्ही बाजूंनी चिकटणारं फ्यूजिंग कापडाच्या उलट्या बाजूवर ठेवा आणि वर बेकिंगचा कागद घालून इस्त्री एका जागी दहा-बारा सेकंद दाबून धरा. मग उचलायची आणि शेजारी ठेवायची, ओढायची नाही. पूर्ण गार झाल्यावर फ्यूजिंगचा पाठकागद सोलून टिश्यू लावा आणि पुन्हा तसंच दाबा. शेवटी सपाट जागी पुस्तकांच्या वजनाखाली गार होऊ द्या.

पुठ्ठ्यावर लावताना डिंक पुठ्ठ्याला लावा, बुकक्लॉथला नाही, आणि अगदी पातळ थर द्या. टिश्यूला पाणी लागलं की तो पसरतो, कापड पसरत नाही, आणि फुगा तयार. बुकक्लॉथच्या फक्त दुमडायच्या कडांना डिंक लागू द्या.

पेस्टिंगचं म्हणाल तर त्याच्या एकाच बाजूला डिंकाचे ठिपके असतात. ठिपक्यांमधल्या जागेतून ओलावा वर येऊ शकतो. जाड खादीला एखाद वेळी चालून जाईल. मलमल, लॉन असल्या पातळ कापडाला मी ते वापरणार नाही.

प्रश्न: खळीने कागद लावायची जुनी रीत सविस्तर सांगाल का? आमच्याकडे पावसात सगळ्याला बुरशी येते. एका जुन्या बाइंडरने खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायला सांगितलंय. (चिपळूण)

मोरचूद घालू नका. कीड लागू नये म्हणून बाइंडर ते घालत आले आहेत हे खरं, पण ते विषारी आहे, आणि त्यातलं तांबं कागदाला आतून लवकर जीर्ण करतं. वही दोन पिढ्या टिकावी असं वाटत असेल तर ते डब्यातच राहू द्या.

मला स्वतःला खळीची रीतच सर्वांत आवडते, कारण ती उलटवता येते. पुढे कधी कव्हर फाटलं तर ओलाव्याने कागद सुटतो, दुरुस्ती होते. फ्यूजिंग एकदा वितळून बसलं की कायमचं.

मैद्याचीही खळ होते, पण मैद्यात ग्लुटेन असतं. नुसत्या स्टार्चची खळ जास्त स्वच्छ आणि मऊ वाळते. आपल्याकडे हा स्टार्च दर उन्हाळ्यात घरात तयार होतो: कुरडयांसाठी काढलेला गव्हाचा चीक. मीठ घालायच्या आधी वाटीभर बाजूला काढा. भिजवताना तो आंबलेला असतो, म्हणून ताजं पाणी घालून ढवळा, खाली बसू द्या, वरची निवळी ओता. आंबूस वास जाईपर्यंत हे करा, मग उन्हात खडखडीत वाळवून डब्यात भरा.

एक भाग चीक, पाच भाग पाणी, तासभर भिजवून मंद आचेवर सतत ढवळा. आधी दुधासारखं पांढरं असतं. मग एकदम घट्ट होतं, आणि वीसेक मिनिटांनी पांढरेपणा जाऊन अर्धपारदर्शक होतं. गार झाल्यावर चहाच्या गाळणीतून दाबून गाळा आणि थोडं थोडं पाणी घालत ब्रशने दाट ताकाइतकी सैल करा. उरलेली फ्रिजमध्ये आठवडाभर राहते. वास आला की टाकून द्या.

आता लावायची रीत. काचेवर किंवा अॅक्रिलिकच्या पाट्यावर कापड उलटं पसरा, पाण्याचा फवारा मारा आणि उभे-आडवे धागे काटकोनात येतील असं हाताने सरळ करा. कागद कापडापेक्षा चारी बाजूंनी इंचभर मोठा हवा. कागदाला खळ लावून पाच मिनिटं थांबा. त्या वेळात कागद पसरायचा तेवढा पसरतो. ही पाच मिनिटं चुकवली तर सुरकुत्या ठरलेल्या. मग तो कापडावर टाका आणि कोरड्या ब्रशने मधून कडांकडे दाबत जा. सगळं अलगद उचलून उलटा, म्हणजे कापड वर येईल. गुळगुळीत फळीवर कागदाच्या फक्त कडा खळीने चिकटवा. एका कोपऱ्यात कडेखाली कागदाची छोटी पट्टी अडकवून ठेवा, नंतर तिथून सुरी घालता येते. वाळताना सगळं ताणलं जाऊन नगाऱ्याच्या चामड्यासारखं टणक होतं. किमान एक पूर्ण दिवस हात लावू नका.

कागद लांब तंतूंचा हवा. जपानी कागद उत्तम, नाही तर नेपाळी लोकता कागदाचा पातळ प्रकार. बटर पेपर खळ पीत नाही आणि वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडून तुटतो, दोन्ही नकोत. कागदाच्या तंतूंची दिशा वहीच्या कण्याला समांतर ठेवा. कागदाचा तुकडा एका बाजूने ओला केला की तो वळतो आणि त्याची नळी होते. नळीची लांबी ज्या दिशेला असेल तीच तंतूंची दिशा.

तुमच्या चिपळूणच्या हवेत हे काम दिवाळीनंतर ते मे या काळातच करा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी सहसा धरत नाही, आणि कोकणातल्या पावसाळ्यात आर्द्रता एवढी खाली राहत नाही. पावसात वह्या करायच्याच असतील तर इस्त्रीची रीत वापरा. तयार वह्या भिंतीला टेकलेल्या बंद कपाटात ठेवू नका. कसर अशाच जागी लागते.

प्रश्न: आजीचं जुनं इरकल लुगडं आहे. त्याची आणि खणाची वही करायची आहे. काठ खाली यायला हवा. मीटरभर खणात किती वह्या होतील? (सोलापूर)

आधी लुगडं उजेडासमोर धरा. जिथे वीण विरळ होऊन प्रकाश जास्त येतो तो भाग सोडा. बसण्याचा भाग बहुतेक गेलेला असतो, पदर आणि काठांजवळचं कापड शाबूत असतं. मग रंग तपासा: ओला पांढरा रुमाल दोन मिनिटं दाबून धरा. रंग उतरला तर खळ वापरूच नका. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, त्यावर आजीचं लुगडं पणाला लावू नका. तिथे इस्त्रीची रीत घ्या, पण आच कमी ठेवा आणि काठावर सुती कापड टाका. काठातली जरतार प्लास्टिकची असेल तर आकसते.

साधारणपणे कापडाचे ताण्याचे धागे, म्हणजे काठाला समांतर असलेले, कण्याला समांतर ठेवतात. तसं केलं तर काठ उभा येतो. तुम्हाला तो खाली हवा, तर कापड आडवं फिरवावं लागेल. चालतं, फक्त पाठीच्या कागदाची दिशा मात्र कण्याला समांतरच राहू द्या. कापडापेक्षा कागदाची ओढ जास्त असते.

हिशेब असा: ए-५ आकाराच्या, पंधरा मिलिमीटर जाडीच्या वहीला दुमडीसकट साधारण ३६ बाय २५ सेंटिमीटर बुकक्लॉथ लागतं. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाचा पन्हा ३१ इंचांच्या आसपास असतो. काठ उभा ठेवलात तर मीटरभरात आठ वह्या निघतात. काठ खाली हवा असेल तर दोन्ही काठांवर दोन-दोन अशा चार, आणि मधलं बिनकाठाचं कापड दोन वह्यांना पुरतं.

प्रश्न: तयार बुकक्लॉथ घडी करून ठेवलं तर चालेल? (बडोदा)

नाही. घडीवर कागद मोडतो आणि ती रेघ कव्हरवर दिसते. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर, कापड बाहेर आणि कागद आत अशी सैल गुंडाळी करा. वर जुन्या धुतलेल्या सुती साडीचा तुकडा गुंडाळा, प्लास्टिक नको. वापरायच्या आदल्या रात्री सोडून वजनाखाली ठेवलं की सकाळी कापायला सपाट मिळतं.