सेवापुस्तक कार्यालयाने हरवलं, हेलपाटे आईने का घालायचे?

प्रश्न : माझे वडील राज्य सरकारच्या एका खात्यात कालव्यावर चौकीदार होते. २०११ साली निवृत्त झाले, जानेवारी २०२४ मध्ये वारले. आईला कुटुंब निवृत्तिवेतन अजून सुरू नाही. पीपीओवर (पेन्शन देण्याच्या आदेशावर) आईचं माहेरचं नाव आहे, आधार आणि पासबुकावर सासरचं. कोषागारात म्हणाले, नाव दुरुस्त करून आणा. वडिलांच्या कार्यालयात म्हणाले, उपविभाग बंद होऊन दुसऱ्याला जोडला तेव्हा सेवापुस्तक गहाळ झालं. घरी शोधा, नाहीतर कोर्टातून वारस दाखला आणा. आम्ही एक अर्ज दिला होता, त्याचं काय झालं कळत नाही. बाहेरचा एक जण पंधरा हजारांत काम करून देतो म्हणतो. शिवाय वडील गेल्यावरही तीन महिने त्यांची पेन्शन खात्यात आली, ती दिवसपाण्यात खर्च झाली. काय करावं? — एक वाचक, पारोळा तालुका

उत्तर :

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात एक वाक्य, जे वर छापलेलं नाही, सहज लिहून गेला आहात : "आईला अखाजीला माहेरी गेल्यावर अजून त्याच जुन्या नावाने हाका मारतात." (अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया.) तुमच्या प्रकरणातला अर्धा पुरावा या वाक्यात आहे. त्याकडे येतोच.

आधी वारस दाखल्याचं बघू, कारण त्यात तुमचे पैसे आणि वर्षं दोन्ही जातील. कुटुंब निवृत्तिवेतन ही वडिलांची मालमत्ता नाही. ते शेत किंवा घरासारखं वारसांत वाटलं जात नाही, मृत्युपत्राने कोणाला देताही येत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम ११६ ते थेट पत्नीला देतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली व्हायोलेट आयझॅक प्रकरणात हेच सांगितलं. तिथे नवऱ्याने भावाच्या नावे मृत्युपत्र केलं होतं, तरी कुटुंब निवृत्तिवेतनावर हक्क विधवेचाच ठरला. त्यामुळे १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालयातून वारस दाखला काढायला या कामासाठी जाऊ नका. वडिलांच्या हयातीतली काही थकबाकी राहिली असेल आणि तिच्यासाठी नामनिर्देशन केलेलं नसेल, तर तेवढ्यापुरता वारसाचा प्रश्न येतो. आईची दरमहाची पेन्शन त्यापासून वेगळी आहे. कार्यालय पुन्हा वारस दाखला मागू लागलं तर एवढंच म्हणा : "कोणत्या नियमाखाली हवा ते लेखी द्या." लेखी दिलं तर ते पत्र माझ्याकडे पाठवा.

आता सेवापुस्तक. ते कार्यालय प्रमुखाच्या ताब्यातलं दप्तर आहे. कर्मचाऱ्याला मिळाली तर त्याची दुय्यम प्रत मिळते, मूळ पुस्तक कधीच घरी येत नाही. म्हणून "घरी शोधा" हे म्हणणंच चुकीचं आहे. सार्वजनिक अभिलेख जपण्याची जबाबदारी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ ने कार्यालयांवर टाकली आहे. उपविभाग जोडला गेला तेव्हा कोणती कागदपत्रं कोणी कोणाकडे सोपवली, याची यादी झालेली असणार. नसेल, तर त्याचा जाब त्यांनी द्यायचा आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की तुमच्या कामासाठी ते सेवापुस्तक मुळात अडायलाच नको. वडील नोकरीत असताना वारले असते, तर त्यावाचून पुढे सरकणं अवघड होतं. पण ते निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं पेन्शन घेत होते. म्हणजे त्यांची सेवा तपासली गेली, प्रकरण मुंबईच्या महालेखापालांकडे गेलं, मंजूर झालं आणि पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन प्रदान आदेश, निघाला. त्याच आदेशात त्यांच्या पश्चात पत्नीला किती मिळायचं हेही लिहिलेलं असतं. साधारणपणे ते शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के असतं, वर महागाई वाढ. पीपीओचे दोन भाग असतात. एक निवृत्तिवेतनधारकाकडे, म्हणजे तुमच्या घरी, दुसरा कोषागारात. मूळ प्रकरणाची नोंद महालेखापालांकडे. एक पुस्तक हरवलं म्हणून या तीन जागा कोऱ्या झालेल्या नाहीत.

घरचा पीपीओ आज काढा आणि उजेडात नीट पाहा. आई-वडिलांचा एकत्र काढलेला फोटो त्यावर किंवा सोबतच्या कागदावर चिकटवलेला असेल, त्याच्या कडेवर कार्यालयाचा अर्धा शिक्का उमटलेला असेल. जवळपास ओळखीच्या खुणा लिहिलेल्या असतील, आईची सही किंवा अंगठाही असेल. नाव माहेरचं असो की सासरचं, चेहरा आणि अंगठा त्याच बाईचा आहे. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत जुनी. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशन कार्डावर दुसरं, अशा बायका खान्देशात गावोगाव सापडतात. त्यातल्या कितीतरी जणी नवऱ्यामागे याच एका ओळीवर अडकून बसतात. मला याचा मनापासून त्रास होतो, कारण ती ओळ त्यांनी लिहिलेली नसते. नवऱ्याने नमुन्यात भरलेली असते, कारकुनाने उतरवलेली असते.

म्हणून तुम्ही जे सिद्ध करायचं आहे ते "आईने नाव बदललं" असं नाही. "ही दोन्ही नावं एकाच बाईची" एवढंच आहे. काहीजण तुम्हाला राजपत्रात नाव छापून आणायला सांगतील. राजपत्र हे यापुढे नवं नाव लावणाऱ्यासाठी. आधीच चाळीस वर्षं जे नाव वापरलं, त्यासाठी ते पहिलं पाऊल नव्हे. कार्यालयाने लेखी मागितलंच तर तेव्हा करू.

आईचं प्रतिज्ञापत्र करा. त्यात माहेरचं पूर्ण नाव, लग्नाचं साल, सासरी ठेवलेलं नाव आणि दोन्ही नावांची व्यक्ती मीच, असं साध्या शब्दांत लिहा. आई मराठी वाचत नसेल तर तिला अहिराणीत समजावून सांगा आणि मगच अंगठा घ्या. तशी ओळ प्रतिज्ञापत्रात घाला. सोबत तिच्या शाळेचा दाखला असेल तर तो, मतदार यादीचा उतारा आणि रेशन कार्ड जोडा. आता अखाजीचं वाक्य : मामांचं आणि माहेरच्या एखाद्या जुन्याजाणत्या माणसाचं वेगळं प्रतिज्ञापत्र घ्या. "ही माझी बहीण, आमच्याकडे हिला आजही अमुक नावाने ओळखतात, हिचं लग्न अमुक गावी अमुक यांच्याशी झालं." अशा माणसाचा शब्द कोणत्याही शिक्क्याइतका उपयोगी पडतो, कारण दोन्ही नावं त्याने स्वतः ऐकलेली असतात.

नाव दुरुस्तीचा रस्ता असा : अर्ज वडिलांच्या शेवटच्या कार्यालयाला, म्हणजे तो उपविभाग ज्याला जोडला गेला त्या कार्यालय प्रमुखाला. त्यांनी प्रस्ताव महालेखापालांना पाठवायचा. तिथून दुरुस्तीचं पत्र कोषागारात येतं आणि कोषागार पेन्शन सुरू करतं. कोषागाराने तुम्हाला परत पाठवलं त्यात त्यांची चूक नव्हती. आणि हे करतानाच आईची जन्मतारीखही नोंदीत बरोबर आहे का ते पाहून घ्या. वयाची ८० वर्षं पूर्ण झाल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनात वाढ मिळते, तेव्हा पुन्हा हीच पायपीट नको.

तुमची खरी चूक एकच झाली, आणि ती जवळजवळ सगळ्यांची होते. अर्ज दिलात, पोच घेतली नाहीत. टेबलावर ठेवून आलात. तो अर्ज आज कागदोपत्री अस्तित्वातच नाही. या वेळी दोन प्रती न्या. टेबलावर देऊ नका, आवक शाखेत द्या. तिथे बारनिशीत, म्हणजे आवक-जावक नोंदवहीत, नोंद होऊन तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि गोल शिक्का पडला पाहिजे. शिक्का पुसट आला तर पुन्हा मारायला सांगा, लाजू नका. घ्यायला कुरकुर केली तर तिथून सरळ टपाल कार्यालयात जा आणि स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती मागवा. साध्या मराठीत लिहा, असं :

"माझे पती अमुक, पीपीओ क्रमांक अमुक, दि. अमुक रोजी मयत झाले. पीपीओवर माझं माहेरचं नाव नोंदलेलं आहे. दोन्ही नावं माझीच असल्याचे पुरावे सोबत जोडले आहेत. नाव दुरुस्तीचा प्रस्ताव महालेखापाल, मुंबई यांच्याकडे पाठवावा आणि त्याच्या जावक क्रमांकाची प्रत मला द्यावी. सेवापुस्तक उपलब्ध नसल्यास तसं लेखी कळवावं आणि कोषागार व महालेखापाल यांच्याकडील नोंदींवरून प्रस्ताव करावा."

पुढचा प्रत्येक अर्ज याच क्रमांकाचा संदर्भ देऊन करा. राज्यात दप्तर दिरंगाईचा कायदा आहे. पूर्ण नाव लांबलचक आहे, बदल्या आणि विलंब या दोन्हींचा मिळून २००५ चा अधिनियम. त्याच्या कलम १० प्रमाणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. मुद्दाम उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. पण या कायद्याचा आधार घ्यायला सात दिवस मोजायची सुरुवात कुठून, हे दाखवता आलं पाहिजे. ते दाखवतो तुमच्या प्रतीवरचा शिक्का.

महिनाभरात हालचाल नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. "माझं काम का झालं नाही" असं विचारू नका, त्याला गोल उत्तर येतं. कागद मागा : अर्जावरील टिपणी व शेऱ्यांच्या प्रती, प्रस्तावाचा जावक क्रमांक, उपविभाग जोडला तेव्हाच्या दप्तर हस्तांतरणाची यादी. एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, असा राज्याचा नियम आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्यानंतरच्या ३० दिवसांत पहिलं अपील. कोषागारातल्या पीपीओच्या भागाची प्रत वेगळ्या अर्जाने मागा. महालेखापालांचं कार्यालय केंद्राच्या अखत्यारीत येतं, तिथे कोर्ट फी तिकीट चालत नाही. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते. लोकशाही दिनात मात्र जाऊ नका. सेवाविषयक तक्रारी तिथे घेत नाहीत, एक दिवस फुकट जाईल.

तीन महिन्यांच्या जादा पैशांबद्दल घाबरू नका, आणि लपवूही नका. ती रक्कम परत करावीच लागेल. पण आईचा हक्क वडिलांच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो, त्यामुळे तिची मोठी थकबाकी निघणार आहे. अर्जात स्वतःहून लिहा की एवढी रक्कम जास्त जमा झाली, ती थकबाकीतून वळती करून घ्यावी. त्यांनी शोधून काढण्याआधी तुम्ही सांगितलंत तर त्यावरून काम अडवायला कोणाला कारण उरत नाही.

पंधरा हजारवाल्याला दारातूनच परत पाठवा. लाचलुचपत प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. कोणी दबावाने द्यायला लावली तर सात दिवसांत तक्रार करावी लागते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. पैसे देण्याआधी फोन करा.

एवढं करूनही काम अडलं तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारसाठी त्याचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला. (जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याची विधवा असती तर तिथे नाही, उच्च न्यायालयात जावं लागलं असतं, इतर वाचकांसाठी हे सांगतो.) अर्जाला सहा महिने उत्तर आलं नाही, तर त्यानंतरच्या एका वर्षात तिथे दाद मागायची. इथेही घड्याळ पोचेच्या तारखेपासून चालतं. आणखी एक तारीख डोक्यात ठेवा : जानेवारी २०२७. पेन्शनचा हक्क उशीर झाला म्हणून बुडत नाही, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे मागची थकबाकी साधारणपणे दाव्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. त्या तारखेनंतर न्यायाधिकरणात गेलात तर उशिराच्या प्रत्येक महिन्यामागे आईचा एक महिना हातचा जाऊ शकतो.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे कोणत्याही बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत आईच्या नावाने अर्ज करा.

आणि प्रत्येक खेपेला आईला नेऊ नका. साध्या कागदावर तुमच्या नावे तिचं प्राधिकारपत्र करा, तुमची सही तिने ओळखून खाली अंगठा द्यावा. ते पत्र आणि तुमच्या आधारची झेरॉक्स पहिल्याच अर्जाला जोडून त्यावरही शिक्का घ्या.