तुमचे प्रश्न : योजना कुणासाठी, पोहोचते कुणापर्यंत?

प्रश्न : उजनी भरल्याच्या बातम्या येतात, तरी आमच्याकडे चार दिवसांनी पाणी सुटतं. ओरड केली तर सगळ्यांना सारखंच मिळतं म्हणतात. (विडी घरकुल)

ताई, धरण भरणं वेगळं नि नळाला पाणी येणं वेगळं. उजनीची साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठ्यात, म्हणजे दारांतून आपोआप बाहेर न पडणारं. तरी सोलापूर शहराला प्यायला लागणारं पाणी त्यापुढे किरकोळच. अडतं ते पुढे : शंभरेक किलोमीटरची जलवाहिनी, शुद्धीकरण, टाक्या, गल्लीतली गळती.

आता ‘सारखंच’चं बघू. ज्याच्या दारात दोन हजार लिटरचा हौद, गच्चीवर हजाराची टाकी, त्याच्या पाच माणसांना चार दिवस माणशी दीडशे लिटर पुरतं. तुमच्याकडे दोनशे लिटरची दोन बॅरल असतील, तर माणशी रोज वीस. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी मापदंड माणशी रोज १३५ लिटरचा आहे. म्हणजे वेळापत्रक एकच, पण भरून ठेवायला जागा नाही त्याच्या वाट्याला टंचाई. त्यात शेजाऱ्यानं नळाला मोटार लावली की तुमची धार बारीक.

म्हणून मागणी नेमकी करा : तेवढंच पाणी दोन पाळ्यांत, दोन दिवसांनी सोडा. पाणी वाढवावं लागत नाही. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्यांचं काम वाढतं, हे खरं. अर्ज लेखी द्या, त्यात आठवडाभराच्या पाणी येण्या-जाण्याच्या वेळा लिहा. शेवटच्या घराची वेळ जरूर घाला.

प्रश्न : भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत राहतो, कारखान्यात माग चालवतो. छतावरच्या सोलरचं अनुदान मिळेल का? (पूर्व भाग)

दादा, अवघड आहे. पीएम सूर्य घर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा जास्तीला ७८ हजार रुपये मिळतात. पण छत नि वीजजोडणी आपल्या नावावर हवी. सोलापूरच्या उन्हाचा फायदा घरमालकाला, चटका भाडेकरूला.

पत्र्याखाली एप्रिलमध्ये दुपारी बसवत नाही. जुन्या लोकांनी जाड मातीची माळवदं घातली ती उगाच नाही. पत्र्याला बाहेरून पांढरा रंग दिला तरी आतला ताप कमी होतो, खर्चही फार नाही. पालिकेच्या उष्णतेच्या आराखड्यात वस्त्यांच्या छपरांसाठी पैसे ठेवा, अशी मागणी नगरसेवकाकडे धरा. पाणपोया नि जाहिरातींवर भागवण्याची सवय मोडायला हवी.

प्रश्न : बटईनं ऊस करतो. ठिबकला अनुदान? (मोहोळ तालुका)

केंद्राच्या योजनेत अल्प नि अत्यल्पभूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५. राज्यानं पूरक रक्कम घालून ते ८० नि ७५ पर्यंत नेलं. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर. पण सातबारा मालकाचा, तर अर्जही मालकाचा. पाईप फुटला तर दुरुस्ती कुणाची, हे आधीच कागदावर घ्या. मी तर म्हणतो, आधी विहिरीतलं पाणी मोजा. ठिबक आलं म्हणून उसाचं क्षेत्र वाढवलं तर बचत कसली?

प्रश्न : मी कचरा वेचते. ठेकेदाराचे लोक पोतं हिसकावतात. (नाव नको)

घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी वेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितलं. एकट्या जाऊ नका. चार-पाच जणी मिळून पालिकेच्या आरोग्य विभागाकडे ओळखपत्र मागा आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेऊनच परत या.